इंजिनाचा दरवान

मित्रांनो, तुम्ही कधी खोपोलीहून खंडाळ्याला मोटारीने गेला आहात का? गेला असाल, तर एक दृश्य तुम्ही नक्की पाहिले असेल. उन्हाळ्याचे दिवस आहेत. रस्त्याच्या कडेला एक मोटार उभी आहे. तिचे बॉनेट उघडे आहे आणि आतून वाफ येत आहे. ड्रायव्हर हातात पाण्याची बाटली घेऊन उभा आहे. घरची माणसे झाडाच्या सावलीत बसली आहेत. येणारे-जाणारे एवढेच म्हणतात, "गाडी तापली!"

गाडी का तापते? पाणी संपते, पंखा बंद पडतो, पट्टा तुटतो. कारणे पुष्कळ आहेत. पण कधी कधी सगळे ठीक असते आणि तरीही गाडी तापते. अशा वेळी दोष एका लहानशा वस्तूत असतो. ही वस्तू तुमच्या तळहातावर सहज मावेल. तिचे नाव थर्मोस्टॅट. काही मिस्त्री तिला नुसते 'वॉल' म्हणतात. मी तिला इंजिनाचा दरवान म्हणतो. का, ते पुढे कळेल.

आधी आमच्या भागाची ओळख करून देतो. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील दोन शेजारी तालुके. रायगड म्हटले की लोकांना समुद्र आठवतो. आमच्याकडे समुद्र नाही, सह्याद्री आहे. कर्जतजवळून उल्हास नदी वाहते आणि खोपोलीजवळून पाताळगंगा. पूर्वेला बोरघाट उभा आहे. या घाटातून गाड्यांसाठी रस्ता १८३० साली सुरू झाला. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे मंदिर आहे. शिंग्रोबा हा धनगर होता आणि घाटाची वाट त्यानेच दाखवली, असे लोक सांगतात. आजही अनेक ड्रायव्हर तेथे हात जोडून, नाणे वाहून पुढे जातात.

घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे. रेल्वेसाठी हा चढ फार मोठा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचे इंजिन ओढते, मागची इंजिने ढकलतात आणि गाडी घाट चढते.

पण मोटारीला मागून कोण ढकलणार? तिला सारी शक्ती आपल्याच इंजिनातून काढावी लागते. त्यासाठी काही मोटारींना 'टर्बो' बसवलेला असतो. आपल्या देशात १९९८ साली टाटांची सफारी आली. तिचे डिझेल इंजिन टर्बोचे होते. त्यानंतर अशा गाड्या वाढत गेल्या. आज त्यांतील कितीतरी गाड्या जुन्या झाल्या, तरी गावोगावी कामावर आहेत.

टर्बो म्हणजे काय? इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहान चाक फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरते. ही चाके एका मिनिटात लाखाहूनही जास्त फेरे घेऊ शकतात. जास्त हवा आली की जास्त डिझेल जाळता येते. जास्त डिझेल जळले की जास्त शक्ती मिळते. टर्बो हा मोटारीचा 'बँकर'च म्हणा ना!

पण जास्त डिझेल जळले की उष्णताही जास्त होते. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भाग गाडी चालवण्याच्या कामी येतो. एक मोठा वाटा धुराबरोबर निघून जातो. उरलेली बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला उचलावी लागते. हे पाणी पाइपातून रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात येते. या पाण्यात एक औषध मिसळलेले असते. त्याला कूलंट म्हणतात.

आता एक प्रश्न. हे पाणी गाडी सुरू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये जाऊ द्यावे का? तुम्ही म्हणाल, "का नाही? जितके थंड तितके चांगले." पुष्कळांना असेच वाटते. पण ते खरे नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर निघतो, डिझेल जास्त लागते, तेल लवकर खराब होते आणि आतले भाग झिजतात. इंजिनाला लवकर गरम व्हायला हवे आणि नंतर ठरलेल्या उष्णतेवर राहायला हवे. माणसाच्या अंगाचे तसेच आहे. ताप चढला तर माणूस आजारी आणि अंग गार पडले तरीही आजारी!

हे काम थर्मोस्टॅट करतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर तो दरवानासारखा उभा असतो. पाणी थंड असेल तर तो दार लावून घेतो. मग पाणी रेडिएटरकडे न जाता एका आडवाटेने इंजिनातच फिरत राहते आणि लवकर गरम होते. ठरलेली उष्णता आली की तो दार उघडतो. उष्णता वाढली तर दार आणखी उघडते, कमी झाली तर थोडे मिटते.

या दरवानाला वीज लागत नाही, तार लागत नाही. त्याच्या पोटात पितळेची किंवा तांब्याची एक लहान डबी असते. तिच्यात मेण भरलेले असते. मेण वितळले की फुगते आणि एका दांडीला ढकलते. दांडी ढकलली की झडप उघडते. मेण थंड झाले की आकसते आणि स्प्रिंग झडप बंद करते. मेणाचे मिश्रण असे करतात, की ते ठरलेल्या उष्णतेलाच वितळावे. तो आकडा थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. ८२ किंवा ८८ अंश सेल्सिअस हे आकडे पुष्कळदा दिसतात.

आता आमच्या शेजारच्या चाचांची हकिगत ऐका.

चाचांकडे एक जुनी टर्बो डिझेल गाडी आहे. ती कोणत्या कंपनीची, ते मी सांगत नाही. हा आजार कोणत्याही कंपनीच्या गाडीला होऊ शकतो. कर्जत, खोपोली आणि पनवेल या भागात चाचा भाड्याने माणसे नेतात. घर त्यावरच चालते. शिवाय चाचींना दर महिन्याला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते आणि पुण्याला जायचे म्हणजे घाट आलाच.

काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत चाचा म्हणू लागले, "मास्तर, गाडी डिझेल फार पिते. बारा किलोमीटर जाणारी गाडी आता लिटरला दहाच जाते. सकाळी धूरही फार काढते." मे महिना आला आणि नवेच संकट उभे राहिले. घाटात अर्ध्या वाटेवर उष्णतेचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी बाजूला घ्यावी लागली. चाची गाडीत होत्या.

चाचांचा धाकटा मुलगा तेव्हा दहावीत होता. तो पटकन उतरला, त्याने बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर ओरडला, "बेटा, हात लावू नकोस! जळशील!" त्याने धावत येऊन मुलाचा हात धरला.

तो असे का ओरडला, हे नीट समजून घ्या. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांना उकळते. पण रेडिएटर बंद असतो आणि आत दाब असतो. दाबाखाली पाणी १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकण उघडले की दाब एकदम जातो. मग त्याच क्षणी पाणी उकळते आणि वाफेसह तोंडावर उडते. असे भाजलेले लोक मी पाहिले आहेत. म्हणून लक्षात ठेवा, गरम गाडीच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. गाडी सुरक्षित जागी उभी करावी, इंजिन बंद करावे आणि वाट पाहावी.

चाचांनी तासभर वाट पाहिली आणि गाडी हळूहळू खोपोलीला परत आणली. तपासणीची वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितले, "इंजिनाचे हेड गेले. सगळे उतरवावे लागेल. चाळीस-पन्नास हजार खर्च येईल." चाचा घरी येऊन गप्प बसले. रात्री मला म्हणाले, "एवढे पैसे आणायचे कोठून? भंगारात दिली तर काही तरी येईल. पण मग उद्यापासून करू काय?"

आमच्या ओळखीचे एक वयस्कर उस्ताद कर्जत रस्त्यावर दुरुस्तीचे काम करतात. मी म्हणालो, "भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा उस्तादांना दाखवू." निरोप पाठवल्यावर त्यांनी उत्तर दिले, "सकाळी येतो. तोवर इंजिन सुरू करू नका. मला ते गार हवे."

सकाळी उस्ताद आले. आधी त्यांनी तेलाची दांडी काढून पाहिली. हेडचे पॅकिंग फाटले, तर तेलात पाणी जाऊ शकते आणि तेल लस्सीसारखे पांढरट होते. येथे तेल चांगले होते. मग त्यांनी गार इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढले आणि गाडी सुरू केली. पाण्यात सारखे बुडबुडे येत नव्हते. "हेड मला ठीक वाटते," ते म्हणाले. झाकण लावून त्यांनी रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपावर हात ठेवला. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवायला ते विसरले नाहीत.

"मास्तर, तुम्हीही पाहा," ते मला म्हणाले. "थर्मोस्टॅट चांगला असेल, तर हा पाइप पहिली काही मिनिटे गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. काटा लाल रेघेला गेला आणि पाइप गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद अडकला असावा. आणि पाइप सुरुवातीपासून हळूहळू कोमट होऊ लागला, तर तो उघडा अडकला असावा, नाहीतर तेथे नसावाच." आमच्या हाताखालचा पाइप पहिल्याच मिनिटापासून कोमट होत होता.

इंजिन बंद करून, ते पुन्हा पूर्ण गार झाल्यावर उस्ताद कामाला लागले. थर्मोस्टॅट शोधायचा कसा? तो नुसता बॉनेट उघडून दिसत नाही. उस्तादांची युक्ती सोपी होती. रेडिएटरच्या वरच्या पाइपाला धरून चालत जायचे. हा पाइप इंजिनाला जेथे मिळतो, तेथे धातूचे एक वाकडे झाकण असते. ते दोन किंवा तीन बोल्टांनी बसवलेले असते. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट त्याच झाकणाखाली असतो. काही गाड्यांत तो खालच्या पाइपाच्या टोकाला असतो. म्हणून वर सापडला नाही तर खालच्या पाइपाचा माग काढायचा.

टर्बोच्या गाडीत एक अडचण आणखी असते. हवेचे जाड पाइप वाटेत आडवे येतात. चाचांच्या गाडीत असा एक पाइप नेमका झाकणावरून गेला होता. उस्तादांनी त्याची क्लिप सैल करून तो बाजूला केला आणि त्याच्या दोन्ही उघड्या तोंडांत स्वच्छ फडके कोंबले. मुलाने विचारले, "उस्ताद, हे कशासाठी?" ते म्हणाले, "एखादा नट आत पडला आणि आपण गाडी सुरू केली, तर तो थेट टर्बोत नाहीतर इंजिनात जाईल. मग खरोखरच पन्नास हजार लागतील." काढलेला प्रत्येक नट ते एका ताटलीत ठेवत होते आणि मुलाला मोजायला सांगत होते.

रेडिएटरच्या खालची तोटी उघडून पाणी एका घमेल्यात काढले. चाचा ते गटारात ओतणार होते. उस्ताद म्हणाले, "नका ओतू. हे गोड लागते आणि विषारी असते. कुत्रे-मांजर प्यायले तर मरते. गटारातून ते पाताळगंगेत जाईल." त्यांनी ते झाकणाच्या डब्यात भरले आणि बाजूला ठेवले.

मग त्यांनी दहा नंबरचा पाना घेतला. एक बोल्ट गंजला होता. त्यांनी जोर लावला नाही. गंजावर तेल सोडले आणि चहा घेतला. अर्ध्या तासाने तो बोल्ट मुकाट्याने फिरला. झाकण निघाले. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. आत काहीच नव्हते! दरवानाची जागा रिकामी होती.

तेव्हा चाचांना आठवले. दोन वर्षांपूर्वी गाडी तापली होती. एका गॅरेजवाल्याने आतला एक भाग काढून टाकला होता. तो म्हणाला होता, "आपल्या गरम हवेत याची गरजच नाही." तेव्हा गाडी तापायची थांबली आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले.

"पण उस्ताद," मी विचारले, "दार नसेल तर पाणी मोकळे फिरेल. मग गाडी घाटात तापली कशी?"

उस्ताद हसले. "मास्तर, या इंजिनातल्या दरवानाला दोन दारे सांभाळावी लागतात. रेडिएटरचे दार उघडताना तो आडवाटेचे दार लावून घेतो. दरवानच नाही, म्हणून आडवाट कायम उघडी. बरेचसे पाणी रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातच घुटमळते. थंडीत सपाट रस्त्यावर इंजिन गार राहते आणि डिझेल पिते. मे महिन्यात घाट चढताना उष्णता वाढते आणि अर्धेच पाणी थंड होते. म्हणून एकच गाडी हिवाळ्यात गारठते आणि उन्हाळ्यात तापते."

खोपोलीच्या दुकानातून नवा थर्मोस्टॅट आणला. त्याच गाडीचा, कोरलेला आकडा ८२. काही शे रुपयांत काम झाले. बसवण्यापूर्वी उस्ताद म्हणाले, "नवा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. परीक्षा घ्या." मी शाळेतून तापमापक आणला. चाचींनी एक जुने पातेले दिले. पातेल्यात पाणी घालून ते चुलीवर ठेवले आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडला. तळाला टेकू दिला नाही, कारण तळ जास्त गरम असतो. गल्लीतली मुले गोळा झाली. चाचांचा मुलगा आकडे लिहू लागला. सत्तर अंश, बंद. ऐंशी अंश, बंद. त्र्याऐंशीला एक बारीक फट दिसली. पंचाण्णवला दार पूर्ण उघडले! बाहेर काढल्यावर थोड्या वेळाने ते आपोआप मिटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. उस्ताद म्हणाले, "पास!"

मग बसवण्याचे काम. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे पात्याने अलगद खरवडून काढले आणि इंजिनाचे तोंड कापडाने झाकून ठेवले. थर्मोस्टॅटची मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवली. उलटा बसवला, तर डबीला इंजिनाची उष्णता नीट कळणार नाही आणि दार वेळेवर उघडणार नाही. त्याच्या कडेला हवेसाठी एक बारीक भोक होते, ते वरच्या बाजूला आणले. नवे पॅकिंग लावले. बोल्ट एकदम न आवळता आळीपाळीने थोडे थोडे आवळले. हवेच्या पाइपातले फडके काढून तो जागेवर बसवला. शेवटी मुलाने ताटली दाखवली. एकही नट उरला नव्हता.

स्वच्छ पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे मिसळून सावकाश भरले. इंजिन सुरू केले. वरचा पाइप गार राहिला. काही मिनिटांनी तो एकदम गरम झाला. दरवानाने दार उघडले होते! आत अडकलेली हवा निघाली, तसे पाणी खाली गेले. तेवढे आणखी भरून उस्तादांनी झाकण लावले. "उद्या सकाळी गार असताना पाणी पुन्हा पाहा," ते म्हणाले. "आणि घाट चढून गेल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटे चालू द्या. टर्बोतले चाक आणि तेल यांनाही दम घेऊ द्या."

पुढच्या आठवड्यात चाचा चाचींना घेऊन पुण्याला निघाले. मीही बरोबर होतो. शिंग्रोबाचे मंदिर मागे पडले. चढ वाढला. आमचे सगळ्यांचे डोळे काट्यावर होते. तो मधल्या रेघेच्या थोडा खाली आला आणि तेथेच थांबला. खंडाळा आला तरी तो हलला नाही. चाची एवढेच म्हणाल्या, "आज डॉक्टर भेटतील." चाचांनी वही ठेवली होती. महिन्याभरात डिझेलचा हिशेबही पूर्वीसारखा जुळला.

मित्रांनो, प्रत्येक तापलेल्या गाडीचा दोष थर्मोस्टॅटमध्येच असतो, असे नाही. पण दोष शोधण्याचा उस्तादांचा क्रम पाहा. त्यांनी आधी पाहिले, मग हात लावला, मग विचार केला आणि शेवटी पाना उचलला. तुमच्या घरात, शेतात किंवा कारखान्यात उद्या कोणी म्हणेल, "हा भाग काढून टाका, त्याच्यावाचून काही अडत नाही." तेव्हा काढण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा. ज्याने हे यंत्र बनवले, त्याने हा भाग येथे कशासाठी बसवला असेल?